.३७५ एच अँड एच मॅग्नम : इम्पालापासून रानरेड्यापर्यंत एकच काडतूस

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. आफ्रिकेच्या दक्षिण किंवा पूर्व भागात परवान्याने शिकारीला जायचं असेल, यादीत रानरेडा म्हणजे केप बफेलो असेल आणि रायफल एकच न्यायची असेल, तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घ्या. गोळी ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), बाँडेड सॉफ्ट पॉइंट, म्हणजे आतलं शिसं आवरणाला चिकटवलेली आणि आदळल्यावर टोक उघडणारी. यादीत रानरेडा नसेल, कुडू, गेम्सबॉक, इम्पाला ही हरणं आणि रानडुक्कर एवढंच असेल, तर या काडतुसावर पैसे घालू नका. .३०-०६ या नेहमीच्या काडतुसाची साधी रायफल ते काम करते, खांद्यालाही सुख देते आणि काडतुसंही बरीच स्वस्त पडतात.

दुसरी गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही: पेटीवर काडतुसाचं नाव काय आहे यापेक्षा पुढे बसवलेली गोळी कोणती आहे, याला जास्त किंमत आहे. .३७५ मध्ये भिकार गोळी घालून रानरेड्यावर टाकलेला बार हा .३०-०६ मधल्या उत्तम गोळीपेक्षा वाईट निघू शकतो. म्हणून या परीक्षणात काडतुसाइतकीच जागा गोळीला दिली आहे.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, केनियात १९७७पासून. तेव्हा हा मजकूर नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, टांझानिया अशा ठिकाणी कायदेशीर परवान्यावर जाणाऱ्यांसाठी आहे. अमेरिका-कॅनडातून किंवा खुद्द आफ्रिकेत राहून असा बेत करणारे मराठी लोक कमी असले तरी आहेत, आणि त्यांना मराठीत याविषयी धड काही वाचायला मिळत नाही.

काडतूस १९१२ सालचं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढलं. त्याआधीच्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) रायफलींवर बंदी घातली होती, कारण त्या बोअरची लष्करी काडतुसं आणि गोळ्या बंडखोरांच्या हाती लागतील अशी भीती होती. त्यामुळे लंडनच्या बंदूकवाल्यांना .४५० सोडून वेगळ्या मापांकडे वळावं लागलं, आणि .४६५, .४७० अशी विचित्र आकड्यांची काडतुसं त्यातूनच जन्मली. .३७५ त्यांच्यापेक्षा हलकं आणि वेगवान. मॅगझिन असलेल्या बोल्ट रायफलीत, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या रायफलीत, सहज चालणारं. शंभर वर्षं उलटली तरी ते दुकानाच्या फळीवर टिकून आहे आणि त्याची जागा घ्यायला निघालेली कितीतरी काडतुसं आज शोधूनही मिळत नाहीत.

आता आकडे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ३०० ग्रेनची गोळी म्हणजे १९.४ ग्रॅम. कंपन्या तिचा वेग सेकंदाला २५३० फूट म्हणजे सुमारे ७७० मीटर सांगतात. ऊर्जा होते साधारण ५७८० ज्यूल. २७० ग्रेनची गोळी ८२० मीटरच्या आसपास निघते आणि ऊर्जा ५९०० ज्यूलच्या जवळ जाते. तुलनेला .३०-०६ घ्या: १८० ग्रेन, ८२० मीटर, सुमारे ३९५० ज्यूल. म्हणजे .३७५ची २७० ग्रेनची गोळी आणि .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी जवळपास एकाच वेगाने निघतात आणि मार्गही जवळजवळ सारखाच काढतात. फरक इतकाच की एक गोळी दुसरीच्या दीडपट जड आणि बरीच जाड.

कायद्याच्या दृष्टीने हे ज्यूल महत्त्वाचे आहेत. नामिबियात रानरेडा आणि हत्तीसाठी नळीच्या तोंडाशी किमान ५४०० ज्यूल लागतात, कुडू-गेम्सबॉकसारख्या मोठ्या हरणांसाठी २७००. बाकीच्या बऱ्याच देशांत कायद्याने किंवा रूढीने .३७५ हीच धोकादायक सावजाची खालची पायरी धरतात. इथे एक खाच आहे. कंपनीचे आकडे २४ इंची नळीचे असतात. झाडीत सोयीची म्हणून २० इंची नळीची रायफल घेतलीत तर दर इंचामागे सात-आठ मीटर वेग जातो. ७७०चा वेग ७४०वर आला की त्याच ३०० ग्रेन गोळीची ऊर्जा ५३४० ज्यूलच्या आसपास उतरते, म्हणजे नामिबियाच्या रेषेखाली. २२ इंचाच्या नळीत ती ५५५०च्या आसपास राहते. म्हणून नळी २२ इंचापेक्षा आखूड घेऊ नका. जर्मन ९.३×६२ हे १९०५चं फार गुणी काडतूस आहे, आफ्रिकेत त्याने रानरेडे भरपूर मारलेत, पण त्याच्या नेहमीच्या २८६ ग्रेन भरणीची ऊर्जा ४८०० ज्यूलच्या घरात असते. नामिबियात रानरेड्यासाठी नेलंत तर कागदावरच अडाल.

पुंगळीकडे म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्याकडे नीट पाहिलं तर या काडतुसाचा स्वभाव कळतो. लांबी ७२.४ मिमी, पूर्ण काडतूस ९१.४ मिमी. .३०-०६चं पूर्ण काडतूस ८४.८ मिमी असतं. .३७५ची पुंगळी बुडाकडून तोंडाकडे चांगलीच निमुळती होत जाते आणि खांदा इतका उतरता, जेमतेम पंधरा अंशांचा, की बोटाने चाचपला तर कुठे सुरू झाला ते पटकन लागत नाही. त्या काळी दारू कॉर्डाइटच्या काड्यांची असायची, म्हणून असा आकार. आधुनिक डोक्याला तो गबाळा वाटतो. एवढ्याच पितळात आणखी दारू बसली असती. पण या उताराचे दोन फायदे रानात कळतात. काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) जाताना कुठेही अडत नाही, आणि उन्हात तापलेल्या रायफलीत दाब वाढला तरी रिकामी पुंगळी चिकटून बसत नाही. चाळीस अंशांच्या उन्हात हे मामुली नाही. तरीही काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. दारू तापली की दाब चढतो, बोल्ट जड लागायला लागतो.

बुडापाशी जो पट्टा आहे त्याविषयी गैरसमज फार. पट्ट्याने पुंगळी मजबूत होते असं दुकानांत अजून ऐकू येतं. तसं नाही. खांदा इतका उतरता आहे की त्याच्यावर काडतूस चेंबरमध्ये नेमकं टेकवणं अवघड, म्हणून टेकू बुडाशी दिला, एवढंच. त्याची किंमत रिलोडिंग करणाऱ्याला, म्हणजे रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरणाऱ्याला, मोजावी लागते. पट्ट्यावर टेकल्यामुळे खांद्यापुढे जागा सुटते, बार झाला की पुंगळी पुढे ताणली जाते आणि पट्ट्याच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून चकचकीत कडं दिसतं. तेव्हा टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढा. खाच लागली तर पुंगळी फेकून द्या, पुढच्या बाराला ती तिथेच तुटेल. पुंगळीला पुन्हा मापात आणणारी डाय अशी लावा की ती खांदा जेमतेम मागे ढकलेल. पट्ट्यापर्यंत दाबत बसलात तर दर वेळी ताण येतो. कारखान्यात भरलेली काडतुसं एकदाच वापरून टाकणाऱ्याला यातलं काही बघावं लागत नाही.

गोळी

इथे थांबणं भाग आहे, कारण चुका इथेच होतात. नर रानरेडा सातशे-आठशे किलोचा. कातडी जाड, बहुधा चिखलाने माखलेली, आत रुंद बरगड्या, फऱ्याचं हाड भक्कम. पन्नास मीटरवरून सुटलेली गोळी तिथे जवळपास पूर्ण वेगाने आदळते. साध्या गोळीत तांब्याच्या आवरणात शिसं नुसतं ठासून बसवलेलं असतं. ती फऱ्याच्या हाडावर फुटते. आवरण केळीच्या सालीसारखं मागे उलटतं, शिसं त्यातून निसटून तुकडे-तुकडे होतं आणि काळजापर्यंत म्हणजे हृदयापर्यंत पोचतं ते फार थोडं. जनावर धावतं, झाडीत शिरतं आणि पुढचा माग काढणं जिवावर बेततं.

म्हणून गोळीत शिसं आवरणाला चिकटवलेलं असावं, यालाच बाँडेड म्हणतात, किंवा गोळी सबंध तांब्याची असावी. या मापात आज चांगल्या म्हणता येतील अशा पाच-सहा गोळ्या आहेत.

स्विफ्ट ए-फ्रेम, ३०० ग्रेन: आमची पहिली पसंती. गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत असते. पुढचं शिसं आवरणाला चिकटवलेलं, मागचं भिंतीआड सुरक्षित. जनावरातून काढलेली ए-फ्रेम हातात घेतली की ओळखू येते: पुढे छत्री झालेली, मागे भिंतीच्या खाली थोडीशी फुगलेली, आणि वजन काट्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त उरलेलं. ती उघडते तेही बऱ्याच वेगांना, त्यामुळे लांबच्या कुडूवरही चालते. दोष एकच, महाग आहे.

नॉस्लर पार्टिशन: हीच भिंतीची कल्पना, पण जुनी आणि पुढचं शिसं चिकटवलेलं नाही. त्यामुळे पुढचा भाग मुद्दामच झडतो, मागचा आत शिरतो. वजन साधारण दोन-तृतीयांश उरतं. हरणांवर अप्रतिम, झेब्रा-इलँडवर चोख. रानरेड्यावर चालते, पण ए-फ्रेम मिळत असताना तिच्याकडे वळायचं कारण नाही.

बार्न्स टीएसएक्स: सबंध तांबं, टोकाला पोकळी, आदळली की चार पाकळ्या उघडतात. वजन जवळजवळ सगळं उरतं, म्हणून ३०० ग्रेनचा हट्ट नको. २७० ग्रेनची टीएसएक्स आत शिरण्यात शिशाच्या ३०० ग्रेनला हार जात नाही आणि मार्गही सपाट देते. दोन गोष्टी सांभाळा. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जागा खाते. आणि नळीत तांब्याचा थर लवकर चढतो. पंधरा-वीस बारांनंतर गट (एकाच नेमावर टाकलेल्या गोळ्यांचा घोळका) पसरायला लागला की रायफल बिघडली असं समजू नका, आधी तांबं काढणाऱ्या द्रावणाने नळी साफ करा. काही नळ्या ही गोळी नाकारतात, तो भाग नशिबाचा.

वूडली वेल्डकोअर ही ऑस्ट्रेलियन. नावाप्रमाणे शिसं जोडलेलं. ३०० बरोबर ३५० ग्रेनमध्येही येते. ३५० ग्रेनची जवळच्या रानरेड्यावर जोरकस, पण दीडशे मीटरपुढे तिचा मार्ग झपाट्याने खाली येतो. सर्व कामांना एक गोळी हवी असेल तर ती ही नव्हे.

हॉर्नडीची डीजीएक्स आधी बाँडेड नव्हती आणि तिच्याविषयी तक्रारी होत्या. आता डीजीएक्स बाँडेड येते. घेताना पेटीवर ‘बाँडेड’ हा शब्द आहे ना, हे वाचून घ्या, जुना माल कुठेतरी पडलेला असतो. किंमत ए-फ्रेमपेक्षा कमी आणि सरावासह सगळं एकाच भरणीने करायचं असेल तर हा शहाणपणाचा सौदा आहे.

सॉलिड म्हणजे न उघडणारी गोळी. हत्तीसाठी ती हवीच. रानरेड्यासाठी पूर्वी पहिला बार सॉफ्ट आणि मॅगझिनमधले बाकी सॉलिड अशी पद्धत होती, कारण तेव्हाची सॉफ्ट गोळी पाठमोऱ्या पळत्या जनावराच्या आत पुरेशी जात नसे. आताच्या बाँडेड गोळ्यांनी ती अडचण बरीचशी संपवली. तरी दोन-तीन सॉलिड खिशात असाव्यात. घेताना सपाट नाकाची घ्या. गोल नाकाची आत गेल्यावर वाकडी वळण्याची शक्यता जास्त. आणि कळपात सॉलिड वापरायची वेळ आली तर मागे काय उभं आहे ते शंभरदा पाहा. फुप्फुसातून आरपार गेलेली सॉलिड मागच्या दुसऱ्या रेड्यात शिरते, आणि मग एक जखमी जनावर आणि दोन जनावरांचं बिल अशी गत होते. सॉफ्ट गोळीही आडव्या बाराला कधीकधी पार जाते, हेही ध्यानात असू द्या.

लहान हरणांवर हीच कठीण गोळी वापरली तर काय होतं, हा प्रश्न नेहमी येतो. पन्नास-साठ किलोच्या इम्पालाच्या बरगड्यांतून ३०० ग्रेनची ए-फ्रेम फारशी न उघडता निघून जाते. जनावर पडतं, पण साठ-सत्तर मीटर धावून. मांस मात्र फार थोडं नासतं, वेगवान .३०० मॅग्नमच्या गोळीने फऱ्याभोवती जो रक्ताचा काळा चिखल होतो तसा इथे होत नाही. यादीत हरणंच जास्त असतील तर २६० ग्रेनची नॉस्लर ॲक्युबाँड सोबत ठेवा. तिचं कवच त्या मानाने मऊ.

नेम आणि अंतर

.३७५ची एक ख्याती अशी की २७० आणि ३०० ग्रेनच्या गोळ्या शंभर यार्डांवर एकाच ठिकाणी बसतात. बऱ्याच रायफलींत हे अंतर तीन-चार सेंटिमीटरच्या आत राहतं, काहींत नाही. तुमच्या नळीचं म्हणणं काय, ते चांदमारीवरच कळेल, निघण्याआधी. जंगलात विश्वासावर गोळी बदलू नका.

३०० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर म्हणजे १८३ मीटरवर शून्य केली, म्हणजे दुर्बीण त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर बसेल अशी लावली, तर शंभर यार्डांवर पाच-सहा सेंटिमीटर वर बसते आणि तीनशे यार्डांवर साधारण २२ ते २५ सेंटिमीटर खाली. कुडूच्या छातीचा आवाका पाहता अडीचशे यार्डांपर्यंत वर-खाली नेम न धरता बार टाकता येतो. रानरेड्याचा बार मात्र बहुधा ऐंशी मीटरच्या आत असतो. फक्त रेड्यासाठीच जात असाल तर शंभरावर शून्य करा, डोक्याला ताप नको.

गोळी कुठे बसली पाहिजे हेही काडतुसाच्या निवडीचाच भाग आहे, कारण आफ्रिकी जनावरांचं काळीज पुढच्या पायांमध्ये, खाली असतं. अमेरिकेत हरणाच्या फऱ्यामागे नेम धरायची सवय झालेला माणूस इथे तसाच बार टाकतो, गोळी फुप्फुसाच्या मागच्या कडेला किंवा पोटात जाते आणि दिवस बिघडतो. रेडा आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मधली रेषा वर न्या, छातीच्या खालच्या कडेपासून एक-तृतीयांश उंचीवर थांबा. गोळी फरा फोडून काळजाच्या वरच्या भागात जाते. म्हणूनच हाडातून जाणारी गोळी हवी, हा मुद्दा वर इतका घोळवला. तिरका समोर असेल तर जवळच्या फऱ्याच्या आतल्या कडेवर. समोरून डोक्याचा बार टाळा. शिंगांचं शिरस्त्राण आणि डोक्याचा कल यात मेंदूची जागा चुकवणं फार सोपं आहे.

आणि दुसरा बार. पहिला बसला की बघत उभं राहायचं नाही. बोल्ट मारा, पुन्हा नेम धरा, रेडा उभा आहे तोवर टाकत राहा. इथे .३७५ची लांबी आडवी येते. काडतूस लांब म्हणून बोल्टही लांब मागे ओढावा लागतो. घाबरलेला माणूस तो अर्धवट ओढतो, पुंगळी निघते पण नवं काडतूस वर येत नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज. उपाय एकच: रायफल खांद्यावरून न उतरवता, डमी काडतुसं भरून, बोल्ट मागे आदळेपर्यंत ओढायचा सराव. घरातल्या भिंतीकडे तोंड करून रोज दहा मिनिटं. आणि हा सराव रोज सुरू करण्याआधी चेंबर आणि मॅगझिन दोन्ही उघडून, प्रत्येक काडतूस डमीच आहे हे बघायचं.

धक्का

सव्वाचार किलोच्या रायफलीत .३७५चा धक्का ५० ज्यूलच्या आसपास. .३०-०६चा २७, .४५८ विंचेस्टर किंवा .४१६ रिग्बीचा ७५च्या पुढे. म्हणजे .३०-०६ची सवय असलेल्याला दुप्पट धक्का, पण तो झटक्यापेक्षा ढकलल्यासारखा लागतो. बहुतेक माणसं महिन्या-दोन महिन्यांत त्याला सरावतात. .४५८चं तसं नाही. खूप जण ती घेतात, दोन पेट्या कशाबशा उडवतात आणि पुढे चाप ओढताना डोळे मिटायला लागतात. आडव्या रेड्याच्या पोटात गेलेल्या .४५८पेक्षा काळजात गेलेली .३७५ केव्हाही बरी. मोठं काडतूस बरोबरच्या व्यावसायिक शिकाऱ्याच्या हातात असू द्या. रेडा अंगावर आला तर थांबवणं हे त्याचं काम.

टेबलावर बसून एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त बार टाकू नका. टेबलावर शरीर मागे सरकू शकत नाही, सगळा धक्का खांद्यात जिरतो आणि नेमापेक्षा भीती पक्की होते. शून्य करण्यापुरतं टेबल, बाकी सगळं तिपायी काठ्यांवर उभं राहून, कारण तिकडे बार तसाच टाकायचा आहे. ३.६ किलोच्या हलक्या रायफलीची हौस नको. दुर्बिणीसह साडेचार किलोपर्यंत वजन असलं तर तक्रार करू नये.

दुर्बीण १–६ किंवा १.५–५ पट. डोळ्यापासूनचं अंतर किमान नऊ सेंटिमीटर हवं. त्यापेक्षा कमी असलं तर भुवईवर अर्धचंद्राची खूण घेऊन याल. माउंटचे (दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या पकडीचे) स्क्रू टॉर्क रेंचने आवळा आणि वीसेक बारांनंतर पुन्हा तपासा. .३७५वर गट अचानक पसरला तर बरेचदा दोष सैल माउंटचा असतो.

धक्क्याचा आणखी एक परिणाम मॅगझिनमध्ये होतो. खालची काडतुसं दर बाराला पुढे आदळतात आणि गोळी पुंगळीत आत दबू शकते. कारखान्याच्या भरणीत गोळीच्या खाचेवर पुंगळीचं तोंड आवळलेलं असतं, तरी तेच काडतूस दिवसेंदिवस मॅगझिनच्या तळाशी राहिलं तर तपासा. नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं करून पाहिलं तरी फरक कळतो. आखूड झालेलं बाजूला ठेवा.

.३७५ रुगर की एच अँड एच?

२००७ साली हॉर्नडी आणि रुगरने मिळून .३७५ रुगर काढलं. पट्टा नाही, पुंगळी सरळ आणि आखूड, .३०-०६च्या लांबीच्या साध्या ॲक्शनमध्ये (बोल्ट सरकतो त्या सांगाड्यात) बसते, वेग एच अँड एचपेक्षा थोडा जास्तच. रायफल स्वस्त आणि सुटसुटीत पडते, बोल्टही कमी ओढावा लागतो. कागदावर तीच सरस आहे, यात वाद नाही. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या गाडीने अस्वलाच्या किंवा मूसच्या शिकारीला जाणाऱ्याने खुशाल तीच घ्यावी. आफ्रिकेला विमानाने जाणाऱ्याने मात्र एच अँड एच, कारण सामान हरवलं तर त्याची काडतुसं तिकडच्या दुकानात किंवा फार्मवर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

नावातल्या .३७५वर भुलू नका. .३७५ एच अँड एच, .३७५ रुगर, .३७५ विंचेस्टर आणि दुनळीसाठीचं .३७५ फ्लँज्ड मॅग्नम ही चार वेगळी काडतुसं आहेत, दाबही वेगळे. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का, दोन्ही जुळल्याशिवाय चेंबरमध्ये काही घालू नका. जुन्या दुनळ्या वारशात मिळालेल्यांनी तर हे आधी बंदूक जाणणाऱ्या कारागिराकडून तपासून घ्यावं.

खर्च आणि प्रवास

अमेरिकेत वीस काडतुसांची पेटी शंभर डॉलरच्या आगेमागे, ए-फ्रेम किंवा वूडलीची त्याहून वर. सरावासाठी त्याच वजनाची स्वस्त भरणी वापरता येते, पण शेवटच्या दोन पेट्या ज्या गोळीने शिकार करायची तिच्याच असू द्या आणि शून्य तिच्यावरच करा. एकाच लॉट नंबरच्या चार पेट्या घेतल्यात तर उत्तम.

विमान कंपन्या साधारण माणशी पाच किलो काडतुसं नेऊ देतात. ३०० ग्रेनचं एक काडतूस ४२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच पेट्या खोक्यांसह पाच किलोच्या काठावर येतात. चार पेट्या घ्या, काउंटरवर काट्याशी वाद नको. दहा दिवसांच्या सफरीला साठ काडतुसंही पुरून उरतात. मूळ पेटीत, कुलूपबंद, रायफलीपासून वेगळी. मध्ये विमान बदलणार असाल तर त्या विमानतळाचाही शस्त्र परवाना लागतो का, ते तिकीट काढण्याआधी विचारा. तिकीट काढल्यावर विचारून उपयोग नसतो.

दक्षिण आफ्रिकेत उतरताना एसएपीएस ५२० हा तिथल्या पोलिसांचा अर्ज लागतो. काळ्या शाईने भरा, सही मात्र घरून करून नेऊ नका, तिथल्या अधिकाऱ्यासमोर करायची असते. एका रायफलीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे, आणि एकाच बोअरच्या दोन रायफली नेता येत नाहीत. नवरा-बायको दोघंही .३७५ घेऊन निघाले तर प्रत्येकाने आपली रायफल आपल्याच नावाच्या अर्जावर न्यावी.

सामान उशिरा आलं आणि तिकडे दुसऱ्या कंपनीची काडतुसं हाती पडली, तर पहिल्या सकाळी सावजामागे निघू नका. कॅम्पवरच्या लक्ष्यावर शंभर मीटरवरून तीन बार टाका, गट कुठे बसतो ते पाहून दुर्बीण फिरवा, आणखी दोन टाकून खात्री करा. तेवढ्याने अर्धा तास जातो, आणि व्यावसायिक शिकारी त्याबद्दल कधी कुरकुर करत नाही.